उपाशी माइक

सरांच्या घरी आज कोणती भाजी झाली हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत असे. माइक चालतो की नाही हे पाहताना इतर लोक त्यात फुंकर मारतात, टिचकी मारतात, हॅलो हॅलो करत आकडे मोजतात. सरांना या सगळ्याचा राग होता. बोलायला आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर कोणी फुंकर मारते का, असे ते विचारत. ते स्वतः माइकसमोर सावकाश उभे राहत आणि ओसरीवर बसल्यासारखे सांगत, "आज आमच्या घरी कोचईची भाजी होती. आंबट बरोबर होतं. मीठ जरासं कमी पडलं." एवढे बोलून बाजूला होत. (कोचई म्हणजे अळू.) झेंडावंदन असो, ग्रामसभा असो की भागवत सप्ताह, गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे पहिले वाक्य भाजीचे असे.

वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, हे मुळीच आवडत नसे. त्या मला एकदा म्हणाल्या की पंधरा ऑगस्टला मला देशापेक्षा फोडणीची जास्त काळजी लागते. त्यांनी सरांना खडसावलेही होते. "मीठ कमी झालं त मले सांगा ना जी. गावाले सांगता कायले?"

"तुले सांगतलं असतं," सर म्हणाले, "त माइक चालते का नाही ते कसं समजलं असतं?"

सर गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत. हे लिहायला बसते तेव्हा मन जड असते, आणि दोन ओळी झाल्या की हसू येते. त्याला माझा इलाज नाही.

आमची शाळा साकोलीहून सानगडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, तलावाच्या पाळीखाली आहे. मी मराठी शिकवते. सर चित्रकला शिकवत. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवले होते. राजवाडा, रस्ता, जंगल. त्यांच्या जंगलातला वाघ प्रेक्षकांकडे पाहत नसे, उजव्या कोपऱ्याकडे पाही. त्या कोपऱ्यात साऊंडवाला बसे. पडदा रंगवताना सरांचे लक्ष सारखे तिकडेच असे, आणि तेच वाघाच्या डोळ्यांत उतरले. त्या साऊंडवाल्याच्या शेजारी बसून ते डाग द्यायला शिकले. आमच्याकडे सोल्डरिंगला डाग देणे म्हणतात. रंगांचा वास आणि डागाच्या राळेचा वास असे दोन्ही वास त्यांच्या सदऱ्याला कायम येत.

लग्नाला गेले की लोक आधी नवरीचे तोंड पाहत, सर स्पीकरची पाठ पाहत. मंडपाच्या मागे जाऊन, हात पाठीशी बांधून, कोणत्या तारा कुठे गेल्या आहेत ते वाचल्यासारखे वाचत. पंगतीला शेवटी बसत. आणि मंडपवाल्याचे लक्ष नसले की आवाजाची चकती हळूच थोडी मागे फिरवत. आवाजाच्या मागे आयुष्यभर फिरलेल्या या माणसाला मोठा आवाज सहन होत नसे. सानगडीच्या एका मंडपवाल्याशी त्यांचे यावरून दरवर्षी भांडण होई. तो म्हणे, सर, लोकांनी पैसे आवाजाचे दिले आहेत. सर म्हणत, लोकांना कान देवाने फुकट दिले आहेत, त्याचेही बघ. पुढच्या लग्नात पुन्हा तोच मंडपवाला, तीच चकती, तेच सर.

त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा होता, पूर्वी मुले शाळेत न्यायची तसला. त्यात पिना असत. तारेच्या टोकाला जी काडी असते, जी माइकला त्याच्या डबीशी, म्हणजे आवाज बिनतारी स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राशी, जोडते, तिला आम्ही सगळे पिन म्हणतो. मला वाटे पिन म्हणजे पिन. सरांनी एकदा मधल्या सुट्टीत तो डबा उघडून माझा गैरसमज दूर केला. एका कंपनीची पिन इअरफोनसारखी साधी. दुसरीची तशीच, पण मानेला आटे, म्हणजे फिरवून घट्ट बसवायची. तिसरीच्या तोंडात तीन बारीक काड्या, चौथीच्या चार. प्रत्येक कंपनीने मुद्दाम वेगळी केलेली, म्हणजे एकीचा माइक दुसरीच्या डबीला लागू नये आणि काहीही मोडले तरी गिऱ्हाइकाने पूर्ण संच नवा घ्यावा. आमच्यासारख्या गावात पूर्ण संच नवा कोण घेणार? शाळेला एक संच देणगीत येतो, देवळाला दुसरा, भजनी मंडळाला तिसरा, आणि वर्षभरात प्रत्येकाचे काहीतरी एक मोडते. मग जे शिल्लक राहते त्याची एकमेकांशी गाठ घालून देणे हे सरांचे काम. या कामाला ते सोयरीक म्हणत. हातात नवी पिन आली की उलटसुलट करून विचारत, "हे कोन्या गावची?" आणि जुळण्यासारखी वाटली तर म्हणत, "पोरगी चांगली आहे. घरची रीत वेगळी आहे, एवढंच."

प्रत्येक पिनेला त्यांनी ऑइलपेंटचा एकेक ठिपका लावलेला होता. कोणता रंग कशासाठी हे त्यांनाही नेहमी आठवत नसे. जमलेल्या सोयरिकीइतक्याच मोडलेल्याही होत्या. देवळाचा एक माइक त्यांनी जाळला होता, आणि भजनी मंडळाच्या स्पीकरमधून एकदा कितीतरी दिवस भजनाबरोबर मधमाश्या गुणगुणत होत्या. त्याबद्दल कोणी टोकले तर ते शांतपणे म्हणत की सगळ्याच लग्नांत कुठे सुख असते.

माझी गोष्ट इथून सुरू होते. माझ्या गळ्याचे ऑपरेशन झाले. गाठ निघाली, जीवावरचे टळले, पण आवाज पूर्वीचा राहिला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की एवढाच राहील. आधीही मी काही मोठ्याने बोलणारी नव्हते. आता पहिल्या बाकावरच्या मुलांनाही मान पुढे करावी लागे. मागची मुले काही दिवस शहाण्यासारखी गप्प बसली, मग आपापल्या कामाला लागली. सातवीच्या पालकांनी शाळा समितीच्या अध्यक्षांकडे तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती. अध्यक्ष धानाची शेती करणारे, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले की दिवाळीनंतर बाईंचे तास दुसऱ्याला द्या, बाईंना ग्रंथालय द्या. सगळ्यांना वाटले मी खूश होईन, कारण मी पुस्तकात तोंड घालून बसणारी बाई. मला पुस्तके आवडतात हे खरे आहे. पण पुस्तकांना मी काय शिकवणार होते?

माझ्या भावाने नागपूरहून मला कानामागून तोंडाशी येणारा माइक आणि कमरेला लावायची त्याची डबी असा संच पाठवला. पहिल्याच आठवड्यात ती डबी माझ्या हातून पाण्याच्या बादलीत पडली. माइक वाचला, डबी गेली. नवी घ्यायची तर भावाला पुन्हा सांगायला मला लाज वाटत होती, आणि ऑपरेशननंतर माझ्या हाताशीही काही उरले नव्हते. शाळेकडे ग्रामपंचायतीने दिलेला चाकांचा स्पीकर होता. त्याच्याबरोबर आलेल्या कमरेच्या डबीला काही झाले नव्हते, पण तिचा माइक उंदराने कुरतडला होता. हातात धरायचा माइक होता, पण मग खडू कोणत्या हातात धरायचा आणि पुस्तक कोणत्या? मी दोन्ही वस्तू सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितले की हे दोन वेगळ्या कंपन्यांचे आहे, पिन लागत नाही.

सरांनी माइक कानाला लावून पाहिला, जणू तोच काही बोलणार होता. "मंग काळजी कायची जी, बाई? एकाकडे पोरगी आहे, एकाकडे घर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोड आणला. एका टोकाला माझ्या माइकची तीन काड्यांची पिन जाईल असे तोंड, दुसऱ्या टोकाला इअरफोनची पिन, मध्ये वीतभर तार. दोन तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एकीला रिकाम्या रिफिलची नळी घातलेली, आणि डागावर वहिनींच्या नेलपॉलिशचा लाल थर. दिसायला तो सुरेख होता. लावला, तर स्पीकरमधून काहीच आले नाही. सरांनी भाजी सांगितली, मीठही सांगितले, तरी नाही.

मग ते हसले. "बाई, हा माइक उपाशी आहे. उपाशी मानूस बोलते का?"

नंतर त्यांनी मला समजेल असे सांगितले. असल्या बारीक माइकला बोलायला आधी थोडी वीज लागते, आणि ती त्याला डबीकडून येते. एक कंपनी ज्या काडीतून आवाज घेते त्याच काडीतून माइकला वीज वाढते. दुसरी कंपनी वीज वाढायला वेगळी काडी ठेवते. माझ्या माइकला त्याच्या घरी दुसऱ्या रीतीची सवय होती, आणि आता तो नव्या घरी ताट समोर येईल म्हणून बसला होता, तर इथे वाढण्याची जागाच वेगळी. सरांनी डाग उकलून पुन्हा दिला. आता आवाज आला, पण रांजणातून आल्यासारखा, आणि मागे घूं घूं. बाहेरच्या जाळीची तार सुटी राहिली होती. तीही जोडली. मग स्पीकरमधून स्वच्छ, जरासा दमलेला आवाज आला, "आज आमच्या घरी लाखोळीची डाळ होती," आणि तो आवाज सरांचा नव्हता, माझा होता. त्यांनी माइक माझ्या कानावर चढवला होता आणि मला दुसरे काही सुचले नव्हते.

एक अडचण उरली. कमरेची डबी पट्ट्याला अडकवायची असते, आणि मी नऊवारी नाही तरी सहावारी साडी नेसते. पट्टा कुठला? ही गोष्ट कंपनीच्या लक्षात आली नव्हती, सरांच्याही आली नाही. वहिनींच्या आली. त्यांनी ब्लाउजपीसच्या कापडाचा बटवा शिवून दिला, नाडीने कमरेला बांधायचा. वर म्हणाल्या की माझ्या नेलपॉलिशची बाटली संपली ती संपली, पण आता तुम्ही माझ्याच हातच्या डाळीवर बोलता की तुमच्या, ते एकदा ठरवून टाका.

मी पुन्हा शिकवू लागले. पण दिवाळीनंतरचा निर्णय जागच्या जागी होता. अध्यक्षांचे म्हणणे असे की यंत्र आज चालते, उद्या बंद पडते, पोरांचे वर्ष जाते. ते चुकीचे बोलत होते असे मला आजही वाटत नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे आठवडी बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी सातवीला शेवटचा तास अवांतर वाचनाचा असे. पुस्तके अपुरी, म्हणून मी मनानेच गोष्ट रचून सांगत असे. एका बाईची म्हैस हरवते. ती तलावाच्या पाळीने म्हैस शोधत निघते. ज्या गावात जाते तिथले लोक म्हणतात, म्हैस पाहिली हो, पण आधी आमचे एवढे काम करून दे. कुठे धानाच्या रोपांचा परा उपटून द्यायचा असतो, कुठे दोन भावांचा अबोला मोडायचा असतो. काम झाले की ते पुढच्या गावाचा रस्ता दाखवतात. जोड आल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी मी ही गोष्ट मन लावून सांगत होते. माइक कानावर असला की मला आपण एकटेच बोलतो आहोत असे वाटे, आणि एकटी असताना मी चांगली बोलते. बाई एका गावात शिरते, तिथे सगळे दारे बंद करून बसलेले, आणि कुठूनतरी म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येतो, इथे घंटा झाली. शाळेचीच. मुले ओरडली. आणि भिंतीपलीकडूनही कोणीतरी ओरडल्यासारखे वाटले.

ग्रामपंचायतीने चाकांचे स्पीकर एकसारखे दोन घेतले होते. एक शाळेला दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला, बाजारात सूचना सांगायला. दोन्ही एकाच लहरीवर. आजवर हे कळायचे कारण नव्हते, कारण शाळेचा सकाळी प्रार्थनेला लागे आणि पंचायतीचा बाजाराच्या दिवशी दुपारी. त्या दुपारी दोन्ही चालू होते. म्हैस सातवीच्या वर्गात आणि भाजीबाजारात एकाच वेळी हरवली होती.

शेवटचा तास रिकामा असल्याने सर त्या वेळी बाजारात कोचईची पाने घेत होते. माझा आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, आणि काय झाले आहे हेही त्यांना लगेच समजले. त्यांनी शाळेकडे धावत यायला हवे होते. निदान पंचायतीचा स्पीकर बंद करायला सांगायला हवे होते. पंचायतीचा शिपाई तो बंद करायला निघालाच होता. सरांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले आणि स्वतः कांद्याच्या पोत्यावर बसले. तास संपेपर्यंत उठले नाहीत. हे मला नंतर त्या शिपायानेच सांगितले, आणि हेही की बाजारातले सौदे त्या वेळात खुणांनी चालले होते.

मला मात्र जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. आयुष्यभर चारचौघांत तोंड न उघडलेली मी, बाजारभर बोलून आले होते. दोन दिवस मी शाळेतून घरी शेतातल्या रस्त्याने गेले. तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीवाली दारातच आली. तिने जुडी हातात ठेवली आणि विचारले, "मॅडम, थ्या बाईची म्हैस भेटली का जी?"

मी म्हटले, अजून नाही.

"मंग घंटा कायची वाजली होती?"

ते पुढच्या तासाला कळेल असे मी म्हटले. ती जायला निघाली आणि थांबून म्हणाली की बाजाराच्या दिवशीच सांगा, इतर दिवशी मला यायला जमत नाही.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. माझ्या तासांचा विषय निघाला. त्या दुपारी अध्यक्षही बाजारात होते, मिरच्यांच्या ढिगाजवळ, हे मला माहीत नव्हते. मुख्याध्यापकांनी विचारले की मग दिवाळीनंतरचे काय ठरवायचे. अध्यक्ष म्हणाले, "म्हैस भेटेपर्यंत बाईले वर्गावर राहू द्या. मंग पाहू."

मुख्याध्यापकांनी हे वाक्य मला जसेच्या तसे सांगितले, जरा गोंधळूनच. मी ते स्टाफरूममध्ये सरांना सांगितले. सर एका पिनेवर ठिपका काढत होते. कुंचला तसाच हवेत धरून ते म्हणाले, "बाई, मंग म्हैस लवकर भेटू देऊ नका."

मी नाही भेटू दिली. त्या सातवीची आठवी झाली, आठवीची दहावी झाली. नव्या सातवीला नवी गावे लागली. गावे संपायला आली की मी सरांना विचारी, आणि ते चित्रकलेच्या वर्गात मुलांना एखादे न पाहिलेले गाव काढायला सांगत. त्यातले एक मी उचलत असे. पंचायतीने पुढे आपला स्पीकर दुसऱ्या लहरीवर नेला, सूचनांत घोटाळा होतो म्हणून. मग बाजारातल्या बायकांनी तक्रार केली, तेव्हा सरांनी शिपायाला ती लहर पुन्हा कशी जुळवायची ते दाखवले, फक्त त्या एका तासापुरती. हे नियमात बसते का असे मी विचारले होते. ते म्हणाले की नियम पिनेचे असतात, आणि पिना आपण बदलतो.

माइकच्या तारा झिजत, जोड सुटत. सर पुन्हा पुन्हा डाग देत. मी शेजारी बसून तार धरी, पुढे पुढे मीही डाग देऊ लागले. माझे डाग जाडे आणि ओबडधोबड होत. सर ते कधी खोडत नसत. फक्त त्यावर नेलपॉलिश जरा जास्त लावत.

त्यांच्या शोकसभेला सानगडीचा तोच मंडपवाला आला. पैसे घेणार नाही म्हणाला. नवा संच आणला होता, चकचकीत, आणि आवाज सुरुवातीपासूनच बेताचा ठेवला होता. मला बोलायचे होते. मी बटवा बांधला, माइक काढला, तर मंडपवाल्याच्या डबीला माझा जोड लागेना. मंडपवाला म्हणाला, "मॅडम, याची पिन वेगळी आहे जी. हातातला घ्या ना." मला हातातला नको होता. मला तोच हवा होता.

वहिनी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले, उठल्या आणि घरून ॲल्युमिनियमचा डबा आणि डागाची सळई घेऊन आल्या. लोक बसले होते. मी शाळेच्या व्हरांड्यात, प्लगजवळ, जमिनीवर बसले. चार काड्यांचे तोंड डब्यात सापडले, त्यावर हिरवा ठिपका होता. डाग दिला, लावले, आणि काहीच ऐकू आले नाही. मंडपवाला हातातला माइक पुढे करू लागला. मी त्याला म्हटले की थांबा, हा उपाशी आहे. तार उकलून शेजारच्या काडीला दिली. वहिनींनी पर्समधून बाटली काढून डागावर लाल थर दिला आणि फुंकून वाळवला.

मी उभी राहिले. सगळे गाव समोर होते. स्पीकर चालतो की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, मलाही. कागदावर मी जे लिहून आणले होते त्याची सुरुवात अशी नव्हती, पण माझ्या तोंडून आले, "आज आमच्या घरी वांग्याची भाजी होती. तिखट बरोबर होतं. मीठ थोडं कमी पडलं."

स्वच्छ ऐकू आले. आधी कोणी हसले ते मला दिसले नाही. मग सगळेच हसले, डोळे पुसत हसले, मंडपवालाही. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, पण पुढची रांगच ती, माइकने ते उचलले आणि सगळ्यांना ऐकवले, "आतातरी मीठ माह्या नावावर नाही."

पुढे मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. सभा संपल्यावर गेटपाशी अध्यक्ष उभे होते. आता ते थकले आहेत, काठी घेऊन चालतात, समितीतही नाहीत. मी नमस्कार केला.

"बाई," त्यांनी विचारले, "म्हैस?"

"नाही जी अजून."

"बरं हाय," ते म्हणाले, आणि काठी टेकत बाजाराच्या रस्त्याने निघाले.